पत्र्याची खालची बाजू

केनवडला डांबरी रस्त्याच्या एका बाजूला इस्माईलभाईंचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे आणि बरोबर समोर माझं झेरॉक्सचं दुकान. सोळा वर्षं आम्ही एकमेकांच्या तोंडासमोर बसलो आहोत. माझ्याकडे सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला आलेला माणूस जाता जाता तिकडे गेटचं विचारून जातो, आणि त्यांचं गिऱ्हाईक ऊन लागलं की माझ्या पंख्याखाली येऊन बसतं. त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं मला आपोआप ऐकू येतं.

इस्माईलभाई आता छप्पन्नचे आहेत. अंगानं वाळकुडे, हातांवर ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग, बोलणं तुटक. वाशीमला एका उस्तादाकडे काम शिकले, लग्नानंतर केनवडला आले आणि इथलेच झाले. आधी ग्रील आणि गेट, मग पाण्याच्या टाकीचे स्टँड, मग मोठमोठी शेडं. पत्र्याचं काम म्हटलं की आजूबाजूच्या दहा-पंधरा गावांत त्यांचंच नाव निघायचं. आणि कामापेक्षाही जास्त नाव होतं त्यांच्या निकालाचं.

आमच्याकडे पत्र्याला टिन म्हणतात. टिन दोन तऱ्हेचं. एक साधं, म्हणजे लोखंडी पत्र्यावर नुसता जस्ताचा थर दिलेलं, चकचकीत. दुसरं रंगीत, म्हणजे तसल्याच जस्ताच्या पत्र्यावर कारखान्यातच रंग भाजून बसवलेलं. शेड बांधणारा प्रत्येक जण इथं येऊन अडतो. इस्माईलभाई अडत नसत. ते हातातलं काम न थांबवता विचारायचे, "खाली जनावर राहीन का मानूस?" जनावर म्हटलं की साधं. माणूस म्हटलं की रंगीत. विषय संपला. लोकांना हे फार आवडायचं. एकच गोळी देणाऱ्या डॉक्टरकडे जशी गर्दी असते, तशी त्यांच्याकडे असायची.

त्यांची बायको कुलसुमभाभी मात्र हसायची. वर्कशॉपच्या मागेच त्यांचं घर. ती एकदा माझ्यासमोर म्हणाली, "घर में पूछो, भेंडी लाऊँ की दोडके, तो आधा घंटा सोचते. और दुनिया को टिन दो मिनट में पसंद करके देते."

तीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत चतुराबाई आली. जवळच्या तांड्यावरची. साठीच्या आसपासची, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, पाठ ताठ. तिच्याकडे बत्तीस बकऱ्या होत्या. आदल्या वर्षी तिच्या दिरानं, गुलाबसिंगनं, तिला घरच्या घरी एक शेड उभं करून दिलं होतं. ठेंगणं, तीन बाजूंनी बंद, वर नवंकोरं साधं टिन. मे महिन्यातल्या एका दुपारी ती पाण्याची घागर घेऊन आली तेव्हा आत नऊ पिल्लं मरून पडली होती. कोणताही रोग नव्हता. नुसती उष्णता. तिनं त्याच आठवड्यात ते शेड उतरवून टाकलं.

ती आली तेव्हा इस्माईलभाई वर्कशॉपसमोर गिरणीच्या जिन्याला वेल्डिंग करत होते. तिनं पिशवीतून टिनाचे दोन तुकडे काढले आणि माझ्या काउंटरवर ठेवले, एक साधा, एक मलईच्या रंगाचा. इस्माईलभाई तोंडावरची वेल्डिंगची काच वर करून इकडे आले.

"भाई, यातलं बकऱ्याले कोनतं?"

"जनावर हाय तं साधं."

"साध्याच्या खालीच माही नऊ पिल्लं गेली."

इस्माईलभाईंनी दुसऱ्या तुकड्याकडे बोट केलं. "मंग रंगीत लावा. हेच, मलई कलर. फिका रंग ऊन कमी खेचते."

चतुराबाईनं रंगीत तुकडा हातात घेतला आणि उलटा केला. वरून तो दुधावरच्या सायीसारखा तुकतुकीत होता. मागून मात्र राखाडी, मळकट, पातळ हात मारल्यासारखा.

"हे बाजू वरती राहीन?"

"हो."

"अन् हे बकऱ्याकडं?"

"हो."

"इकडं असा कायले रंग देल्ला? जीवावर आल्यासारखा?"

"खालून कोन पाहते, बाई?"

"पाहाचं नाई म्हनत मी," चतुराबाई म्हणाली. "सकाळी शेड उघडलं का बकऱ्याच्या मुताची वाफ येते. डोळ्याले झोंबते. ते वाफ टिनाले वरतून लागन का खालून?"

इस्माईलभाईंनी तुकडा तिच्या हातातून घेतला. वर धरला, नखानं मागची बाजू खरवडली, पुन्हा पुढची पाहिली. मी कागद मोजायचे सोडून त्यांच्याकडे पाहत होतो. शेवटी ते म्हणाले, "आठ दिवस द्या मले."

तोपर्यंत त्यांनी कोणाकडे वेळ मागितलेला मी कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वर्कशॉप उघडलंच नाही. माझ्या दुकानात आले आणि स्टुलावर बसले. "हरीओम, म्या आतापावतर किती शेडं केले असतीन?"

"तीनशे तरी."

"चारशे. त्यातलं एकबी म्या पुन्हा जाऊन पाह्यलं नाई. स्क्रू मारला, निंघालो. तुही गाडी मोकळी हाय का रविवारी?"

रविवारी मी गाडी काढली. मागे इस्माईलभाई, त्यांच्या खांद्याला पिशवी, पिशवीत कानस, फडकं आणि एक लोहचुंबक. लोहचुंबक कशाला, हे मी विचारलं तर म्हणाले, "माहीत नाई. घेतलं."

आधी जऊळक्याला गेलो. स्टेशनजवळच्या चहाच्या हॉटेलावर त्यांनी एकोणीस वर्षांपूर्वी साधं टिन टाकलं होतं. मालकाची शिडी लावून ते वर चढले. टिनाची चमक कधीच गेली होती, चुलीतल्या राखेसारखं झालं होतं, पण गंज नव्हता. भोक नव्हतं. कापलेल्या कडासुद्धा शाबूत. इस्माईलभाईंनी वरूनच मला हाक मारली. "पाह्य! जस्त असं असते. सोता झिजते, लोखंडाले हात लागू देत नाई." खाली उतरले तेव्हा त्यांचा चेहरा खुलला होता. दोन कप चहा प्यायले. मला वाटलं, निकाल लागला.

तिथून वाशीमला. एका मंगल कार्यालयाच्या अंगणावर दहा वर्षांपूर्वी त्यांनीच निळं टिन टाकलं होतं, त्या काळी फार नावाजलेलं काम. शेजारच्या गच्चीवरून ते सगळं दिसत होतं. रंग थोडा उडाला होता, पण ते काहीच नव्हतं. प्रत्येक पत्र्याच्या कापलेल्या कडेनं तांबूस पट्टा आत शिरला होता. आणि काही पत्र्यांवर, मधोमध, गोवर उठावा तसे लालसर ठिपके होते. बाजूचेच काही पत्रे मात्र एकदम स्वच्छ.

"एकाच गठ्ठ्यातलं टिन हाय," इस्माईलभाई म्हणाले. "म्या सोता उतरवून घेतलं होतं."

मग बराच वेळ ते बोटानं हवेत काहीतरी मोजत राहिले. कुठला पत्रा अखंड लावला, कुठला कापला, कापताना कुठे ठेवला. परत जिन्यावरून उतरताना ते मध्येच थांबले.

"ग्राइंडरनं कापले होते म्या. इथंच, वरती, टाकलेल्या टिनावर ठेवून."

वाशीमलाच पत्र्याचं मोठं दुकान असलेला इमरान आहे, तिशीतला, इस्माईलभाईंना चाचा म्हणतो. त्यानं ऐकून घेतलं आणि सहज सांगितलं, "चाचा, रंगीत टिन ग्राइंडरनं कापाचंच नाई. कडेचा रंग जळते, जस्त जळते. अन् ते गरम कीस उडून रंगात रुतून बसते, मंग तेच गंजते. कात्रीनं कापा लागते."

"हे कोन सांगतलं तुले?"

"कंपनीच्या कागदावर लिहेल असते."

"म्या कधी पाह्यला नाई कागद."

इमराननं कागद काढला. त्यावर आकडेच आकडे. जस्त इतके ग्रॅम, पण ते दोन्ही बाजूंचं मिळून. जाडी इतकी, पण ती रंग धरून की रंग सोडून, हे वेगवेगळ्या कागदांवर वेगवेगळं. पुढच्या बाजूचा रंग इतका, मागच्या बाजूचा त्याच्या पाव हिश्शाइतका. इस्माईलभाईंनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. मग विचारलं, "दोन्ही बाजूनं सारखा रंग असलेलं टिन भेटते का?"

"भेटते. पन मोठी ऑर्डर असन तं. एका शेडापुरतं कोनी देत नाई."

"मंग बकऱ्याच्या शेडले काय लावाचं?"

इमरान हसला. "चाचा, माह्याकडं येनारे मलेच सांगतेत, इस्माईलभाईनं जनावराले साधं सांगतलं. म्या तेच पुढच्याले सांगतो. आता तुमीच मले इचारून राह्यले?"

परतताना केनवडच्या अलीकडे इंद्रभानभाऊंचं शेत लागतं. तिथं त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. इंद्रभानभाऊंच्या गोठ्याला त्यांनी आठ वर्षांपूर्वी साधं टिन टाकलं होतं. जऊळक्याला होतं तेच टिन.

आता इथं मला एक गोष्ट कबूल करायला हवी. गाडी थांबवावी असं मला वाटत नव्हतं. त्या गोठ्याचं काय झालं ते मला ठाऊक होतं. त्याच्या दोन वर्षं आधी इंद्रभानभाऊंच्या बायकोच्या, कस्तुराबाईंच्या, दवाखान्याच्या कागदांची झेरॉक्स मीच काढली होती. पण तेव्हा इंद्रभानभाऊ म्हणाले होते, "समोर भाईले सांगू नको," आणि मी सांगितलं नव्हतं.

गोठा ठेंगणा होता, चारही बाजूंनी भिंती. वरून टिन जऊळक्यासारखंच, राखाडी आणि धड. इस्माईलभाई आत गेले, मान वर केली आणि तसेच उभे राहिले. खालून ते टिन पार खाल्लं गेलं होतं. स्क्रूभोवती चिंचोक्याएवढी भोकं, त्यातून उजेडाचे गोळे खाली शेणावर पडलेले. एका कोपऱ्यात टिन नव्हतंच, ताडपत्री बांधली होती.

"इथलं टिन कुठं गेलं?"

इंद्रभानभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"हवेनं उडालं, भाई," ते म्हणाले. "वैशाखात. जुनी गोष्ट हाय."

तेवढ्यात कस्तुराबाई चहा घेऊन आल्या. कप पुढे करताना त्यांचा पदर सरकला आणि कोपरापासून मनगटापर्यंत गेलेला व्रण दिसला. इस्माईलभाईंनी तो पाहिला, मग ताडपत्रीकडे पाहिलं. कोणी काही सांगायची गरज राहिली नाही.

"वासरू सोडाले आली होती," इंद्रभानभाऊ हळूच म्हणाले. "स्क्रू कुजले होते. पत्रा लटकला अन् आला खाली."

"दर बुधवारी बजारात भेटता तुमी मले. एक डाव नाई सांगतलं?"

"तुमी नमराच्या लग्नाच्या घाईत होते तेव्हा. पोरीचं लग्न, तिच्यात कायले तुमच्या जीवाले घोर?"

"अन् मंग? लग्न होऊन दोन वर्सं झाले."

इंद्रभानभाऊ ताडपत्रीची दोरी ओढू लागले. कस्तुराबाईच बोलल्या. "तुमी का मुद्दाम केलं होतं, भाई? चहा घ्या, थंडा होऊन राह्यला."

इस्माईलभाईंनी कप हातात धरला, पण त्यांना तो पिता आला नाही. बाहेर येऊन ते बांधावर बसले. मी म्हणालो, मला माहीत होतं. ते म्हणाले, "सगळ्याले माहीत होतं म्हना." रागानं नाही म्हणाले. राग आला असता तर बरं वाटलं असतं.

घरी पोचल्यावर गाडीवरून उतरताना त्यांनी मला विचारलं, "साधं चांगलं का वाईट?" मी काय सांगणार. जऊळक्याला चांगलं, इंद्रभानभाऊंकडे वाईट. रंगीत अखंड होतं तिथं चांगलं, कापलं तिथं वाईट. वरून चांगलं, खालून वाईट. त्यांच्या दोन शब्दांच्या निकालाचे एका दिवसात इतके तुकडे झाले होते की ते जुळवायला कुठून सुरुवात करावी, हे त्यांना कळत नव्हतं आणि मलाही.

चतुराबाई ठरल्या दिवशी आली. इस्माईलभाईंनी तिला सगळं सांगितलं, काहीही न लपवता. जऊळका, वाशीम, इंद्रभानभाऊंचा गोठा, कस्तुराबाईंचा हात. शेवटी म्हणाले, "बाई, मले समजून नाई राह्यलं. दुसऱ्या कोनाकडून करून घ्या."

"दुसऱ्याले समजते का?"

"तो सांगन तं पटकन."

"पटकन तं गुलाबसिंगबी सांगत होता," चतुराबाई म्हणाली. "तुमी इचार करा. उन्हाळ्याले अजून टाइम हाय."

मग इस्माईलभाईंनी एक उद्योग केला. चतुराबाईकडून बकऱ्यांखालचा ओला कचरा मागवला, लेंड्या आणि मूत मिसळलेला. रंगाच्या तीन रिकाम्या डब्यांत तो भरला आणि झाकण म्हणून टिनाचे तुकडे ठेवले. एकावर साधं. दुसऱ्यावर रंगीत, नेहमीसारखं, राखाडी बाजू खाली. तिसऱ्यावर तेच रंगीत, पण मलईची बाजू खाली. ही तिसरी गोष्ट त्यांनी का केली, ते त्यांनाही सांगता आलं नाही. डबा रिकामा होता म्हणून, असं म्हणाले.

डबे वर्कशॉपच्या मागे, म्हणजे भाभीच्या न्हाणीशेजारी. दोन दिवसांत वास सुटला. "ये क्या अत्तर बना रहे हो?" कुलसुमभाभी रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली. डबे मग कडुलिंबाखाली गेले. दर दोन दिवसांनी इस्माईलभाई कचरा बदलत, झाकणं उचलून बघत, आणि माझ्याकडच्या वहीच्या एका पानावर काहीतरी लिहीत. त्या महिन्यात त्यांनी तीन गिऱ्हाइकं परत पाठवली. लोक मला विचारायचे, भाईची तब्येत बरी नाही का.

सव्विसाव्या दिवशी चतुराबाईसमोर झाकणं काढली. साध्या टिनावर पिठासारखी पांढरी भुकटी जमली होती, पुसली तर खाली काळे चट्टे. दुसऱ्याच्या राखाडी बाजूला कडेनं साबुदाण्यासारखे फोड आले होते. तिसऱ्यावरून फडकं फिरवलं तर मलई रंग जसाच्या तसा.

चतुराबाईनं तिसरा तुकडा उचलला. "हे साजरं राह्यलं. मंग हेच बाजू खाली करा."

इस्माईलभाई हसले. महिनाभरात पहिल्यांदा. "बाई, टिनाले सुलटं-उलटं असते. कारखान्यानं ठरवेल असते ते."

"कारखान्यात बकऱ्या हायेत का?"

"नाई, पन वरतून ऊन लागन ना. हे राखाडी रंग पातळ हाय. तीन-चार वर्सात उडून जाईन."

"उडला तं खाली काय राहीन?"

"जस्त."

"अन् जस्त जऊळक्याले किती टिकलं म्हनले तुमी?"

इस्माईलभाईंचं हसू थांबलं. ते कडुलिंबाला टेकले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. ते बोटांवर वर्षं मोजत होते. मग त्यांनी इमरानला फोन लावला. इमरान पलीकडून म्हणाला, "चाचा, उलटं लावलं तं गॅरंटी जाईन." "गॅरंटी राहू दे. चूक काय होईन ते सांग." इमराननं बराच वेळ काही सांगितलं. पत्र्याची नागमोडी घडी, म्हणजे पन्हळ, उलटी पडेल, जोडातून पाणी शिरेल, वरचा रंग डाग पडून जाईल, लोक हसतील. शेवटी म्हणाला, "पन साफ चुकीचं हाय का, ते मले नाई सांगता येत."

शेड एप्रिलमध्ये उभं राहिलं. चतुराबाईनं स्वतःच्या दोन अटी घातल्या. छप्पर उंच, माणसानं हात वर केला तरी लागू नये इतकं. आणि भिंती कमरेपर्यंतच, वर जाळी, म्हणजे वाफ कोंडणार नाही. "वास कोंडला का बकऱ्या खोकलतेत," ती म्हणाली. "ते टिनाआधी बकऱ्याले खाते." इस्माईलभाईंनी हे ऐकलं आणि मान हलवली, इंद्रभानभाऊंच्या गोठ्याच्या चार भिंती त्यांच्या डोळ्यांपुढे आल्या असाव्यात. म्हणजे दोष टिनाचाही नव्हता की काय? ते मला विचारत होते.

ग्राइंडर त्यांनी नेलाच नाही. हातकात्रीनं तीन दिवस पत्रे कापले. बोटांना फोड आले. प्रत्येक भोक पाडल्यावर खराट्यानं कीस झाडला. जोडावर एकाऐवजी दोन पन्हळी चढवल्या, मध्ये चिकटपट्टी घातली. आणि मलईची बाजू खाली.

तांड्यावरचे लोक बघायला आले. गुलाबसिंग ओरडला, "ओ इस्माईलभाई, टिन उलटं लागून राह्यलं!"

"माहीत हाय."

"मंग काहून लावता?"

इस्माईलभाई वरून त्याच्याकडे बघत राहिले. "पुरं माहीत नाई," ते म्हणाले आणि पुढचा स्क्रू लावला.

ही गोष्ट बाजारात पोचायला एक बुधवार पुरला. "भाईले दिसत नाई आता" इथपासून "बुढ्यानं चतुराबाईले फसवलं" इथपर्यंत. एक जण माझ्या दुकानात येऊन मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, माझी झेरॉक्स उलटी काढू नको बापा. इस्माईलभाई समोरच होते. त्यांनी काच खाली ओढली.

त्या उन्हाळ्यात चतुराबाईनं छपरावर तुराट्या पसरल्या होत्या, मृगाच्या आधी उतरवल्या. एकही पिल्लू गेलं नाही. तांडा म्हणाला, उलट्या टिनाची करामत. इस्माईलभाई म्हणाले, तुराट्यांची असेल. चतुराबाई म्हणाली, उंचीची. आणि गुलाबसिंगनं आठवण दिली की त्या मे महिन्यात मुळात आभाळच फार होतं.

दुसऱ्या वर्षी आश्विनात एका जोडातून पाणी गळलं. इस्माईलभाई त्याच दिवशी गेले, पट्टी बदलून आले. त्याच महिन्यात त्यांनी इंद्रभानभाऊंचा गोठाही उघडला. दोन भिंतींचा वरचा भाग काढला, टिन नवं टाकलं. कोणतं टाकू, असं त्यांनी इंद्रभानभाऊंना चारदा विचारलं आणि चारही वेळा इंद्रभानभाऊ म्हणाले, "तुमी म्हनान ते." या उत्तराचा त्यांना इतका त्रास झाला की शेवटी कस्तुराबाईंनीच सांगून टाकलं, "बकऱ्यावाल्या बाईचं लावलं तेच लावा, अन् मोकळे व्हा."

आता त्यांच्याकडे कोणी टिन विचारायला आलं की ते पहिल्यांदा स्टूल देतात. खाली काय राहणार, भिंती किती, हवा कुठून, धूर आहे का, खताची पोती ठेवणार का. माणूस येतो साधं का रंगीत विचारायला आणि जातो स्वतःच्या गोठ्याचा विचार करत. काही परत येतात. काही नाक्यावरच्या नव्या वर्कशॉपात जातात, तिथं दोन मिनिटांत सांगतात. मध्यंतरी इमरानचा फोन आला की त्याच्याकडे दोन जण उलटं टिन मागायला आले. इस्माईलभाई फोनवरच तापले. "देऊ नको कोनाले!"

"काहून चाचा? तुमचं तं चाललं ना?"

"चाललं का नाई, तेच समजून नाई राह्यलं!"

यंदा चतुराबाईच्या बकऱ्या पन्नासवर गेल्या. शेड दहा फूट वाढवायचं ठरलं. चैत्रात एका सकाळी इस्माईलभाई मला सोबत घेऊन गेले. आधी जुन्या छपरावर चढलो. वरचा राखाडी रंग जागोजाग उडाला होता, कोडासारखे चट्टे, त्यातून जस्त दिसत होतं, अजून बऱ्यापैकी उजळ. गंज नव्हता. खाली उतरून त्यांनी आतून पाहिलं. मलई रंगावर धूळ होती, कोळिष्टकं होती, बाकी काही नव्हतं. त्यांनी बोट फिरवलं, वास घेतला, बोट पायजम्याला पुसलं.

"तीनच वर्सं झाले," ते म्हणाले. "तीन वर्सात काय समजते?"

"मंग आता कसं लावाचं?" चतुराबाईनं विचारलं. तिच्या मांडीवर आठवड्याचं पिल्लू होतं.

"तुमी सांगा."

"मी तं सांगतलं तवाच."

नवे पत्रे मलईची बाजू खाली करूनच लागले. पहिला पत्रा मी आणि गुलाबसिंगनं वर दिला. इस्माईलभाईंनी तो लोखंडी अँगलवर टेकवला, सरळ केला आणि जोड कोणत्या बाजूनं घ्यायचा म्हणून थांबले. पावसाचं तोंड असतं त्याच्या उलट्या बाजूला जोड घ्यायचा असतो, हे त्यांना मी जन्मायच्या आधीपासून माहीत आहे.

"हरीओम," त्यांनी वरून विचारलं, "इथं पाऊस इकडूनच येते ना?"

मी मावळतीकडे हात केला.

"पक्कं?"

"वाटते तं तसंच, भाई."

त्यांनी मावळतीकडे पाहिलं. तिकडे स्वच्छ ऊन होतं आणि एकाही ढगाचा पत्ता नव्हता. मग त्यांनी पत्रा थोडा सरकवला आणि स्क्रू लावला.